पाच बारांचा मान

लढाईतून जिवंत परत आल्याबद्दल एखाद्याला शिक्षा करायची असेल, तर सोपा उपाय आहे. त्याचा सत्कार करावा. खडकी गावानं बब्रुवानचा केला तसा.

येडशी ठेसणापासून तीन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला ही खडकी. शेहेचाळीस सालच्या पौषात बब्रुवान पलटणीतून सुटून आला आणि बार्शीकडच्या छोट्या गाडीतून येडशीला उतरला, तेव्हा त्याला आणायला पाटलांची बैलगाडी हजर होती. आत खुद्द मालीपाटील महारुद्र बसलेले. चार वर्षांपूर्वी याच पाटलांनी खडकीची अकरा पोरं गोळा करून, निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून, बार्शीला भरतीवाल्या गोऱ्या साहेबापुढं उभी केली होती. त्याबद्दल पाटलांना सहीशिक्क्याची सनद मिळाली. ती त्यांनी काच लावून चावडीत टांगली. अकरातले सहा गेले ते गेलेच. चौघं परत आले आणि गावात आठवडाभर टिकून सोलापूरला गिरणीत निघून गेले. उरला बब्रुवान. तो सगळ्यांत शेवटी आला, म्हणून सत्कार त्याच्या वाट्याला आला.

वेशीत अख्खा गाव जमला होता. बब्रुवानची बायको मथुरा आरती घेऊन उभी होती, शेजारी सासू धुरपदाबाई. पाटलांनी सांगून ठेवलं होतं, पाच बार काढायचे. हा पाच बारांचा मान खडकीत फक्त भैरोबाच्या पालखीला. माणसाला आजवर कधी मिळाला नव्हता. बार काढायचा तो उखळीतून, आणि उखळ म्हणजे दीड वीत उंचीचं जाड लोखंडी भांडं. तोंड वर करून जमिनीत बसवायचं, आत दारू ठासायची, वरून विटेचा भुगा दाबायचा आणि बुडाच्या भोकाला लांब काठीनं बत्ती द्यायची. आवाज येडशीपर्यंत जातो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या पाशामियाँच्या घराकडं. देव हिंदूंचा, दारू मुसलमानाची, आणि त्यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

गाडी वेशीत शिरली आणि पहिला बार उडाला.

बब्रुवाननं पाटलांना कवेत घेतलं आणि त्यांच्यासकट गाडीतून खाली उडी टाकली. आडाच्या सांडपाण्याचा चिखल होता, त्यात पाटील पालथे आणि त्यांच्यावर बब्रुवान. एका हातानं तो पाटलांचं डोकं चिखलात दाबत होता आणि ओरडत होता, "मुंडी खाली! मुंडी खाली!"

गाव हसलं. पोट धरधरून हसलं. तोवर दुसरा बार झाला, तिसरा झाला. मान पाचांचा, तर पाच झालेच पाहिजेत. मधेच थांबवावं हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. एकटी मथुरा आरती खाली ठेवून चिखलात उतरली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. पाचवा बार होऊन धूर विरला तरी तो उठत नव्हता. पाटलांच्या अंगावर गोळा पडू नये म्हणून त्यानं आपलं अंग पांघरलं होतं. आपला जीव वाचवू पाहणाऱ्यावर डूख धरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. खडकीत तो सापडला, कारण त्याचा फेटा चिखलात पडला होता आणि बायाबापड्यांनी ते पाहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस मथुरानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. शेतात बब्रुवान दोन गड्यांचं काम करायचा. जेवायला बसला की पाठ भिंतीला. भांडं पडलं की तो आडवा. झोप म्हणून नाहीच. आठवड्याभरात त्यानं घरामागच्या लिंबाखाली कमरेइतका खोल चर खणला. त्याला तो मोर्चा म्हणायचा. सकाळ-संध्याकाळ त्यात उतरून बसायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. गाव म्हणालं, धन शोधतोय. मग म्हणालं, स्वतःची कबर खणतोय. गावाला काय, जिभेला हाड नसतं.

धुरपदाबाईचं म्हणणं पडलं की लढाईत मेलेल्या कुणाची तरी सावली लागलीय. देवऋषी आला. त्यानं दोन अमावास्या केल्या, दोन कोंबडे खाल्ले आणि सावली लई लांबच्या मुलखातली हाय, तिला आपली भाषा कळत न्हाय, असं सांगून गेला. मथुरा मग नवऱ्याला घेऊन चालत तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरानं बब्रुवानच्या गुडघ्यावर टिचकी मारली, पापण्या वर करून पाहिल्या.

"जखम कुठं आहे?"

"जखम न्हाय, साहेब. ह्यांना झोप न्हाय. आवाज झाला की जीव जातोय ह्यांचा."

"अगं बाई, मग पट्टी कुठं बांधू मी?"

डॉक्टर आपल्या विनोदावर हसला. मथुरा उठली. परतीच्या वाटेवर दोन कोस ती काही बोलली नाही, आणि तिसऱ्या कोसाला तिनं डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हात तुटला असता तर पाट मांडला असता लोकांनी. आतून माणूस तुटला, तर ते दाखवायचं कुठं?

फाल्गुनात लिंबाजीच्या लेकीचं लगीन निघालं. लिंबाजी म्हणजे भैरोबाच्या पालखीचा पुढचा भोई, खांद्यानं दणकट आणि मनानं मऊ. मथुरा आधीच त्याच्या दारात जाऊन आली होती.

"भावजी, बार तेवढा काढू नका."

"एकच काढतो, वैनी. वराकडचे नाव ठेवतील वो."

एक काढला. बब्रुवान शेतातून धावत आला तो मांडवाच्या मागं, जिथं पाशामियाँ दुसऱ्यासाठी दारू ठाशीत होते. म्हणजे एकच बार हेही खोटंच. त्यानं पाशामियाँना असं ढकललं की साठीचा माणूस दगडावर पडला आणि उजवं मनगट मोडलं. बब्रुवान उखळीपाशी उभा राहिला. त्याला उखळीशेजारचा माणूस दिसलाच नव्हता, दिसली होती ती तोफ.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. सनदेखाली महारुद्र पाटील, समोर गाव. बायांनी चावडीची पायरी चढायची नाही असा रिवाज होता. मथुरा पायरीवर उभी राहिली.

"आज हात मोडला, उद्या मुडदा पाडंल," पाटील म्हणाले. "चैताची जत्रा तोंडावर आलीय. बारा गावची माणसं येणार, पोलिसांचे अमीनसाहेब येणार. देवाच्या धर्मशाळेत खांब हाय. साखळी घालून बांधा. देवाच्या पायाशी ऱ्हाईल, देवच बघंल त्याच्याकडं."

धुरपदाबाई खाली बसून रडत होती. "बांधा, पर बरं करा माझ्या लेकराला," म्हणत होती. आईच्या तोंडून तेवढं निघालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मथुराच्या मात्र मस्तकात तिडीक गेली.

"पाटील, हात मोडला त्याचं वाईट हाय. चाचांचे पाय धरते म्या. पर बांधायचंच आसंल तर ती उखळ बांधा. ती गप्प बसली तर आमचं माणूस गप्प हाय."

"देवाची पालखी बाराबिगर हालत न्हाय. आजा-पणजापासून."

"देवाला बार लागतोय, आन् माणूस लागत न्हाय व्हय?"

"बाई, तोंड सांभाळ!"

"लई सांभाळलं. ह्यांना तिकडं कुणी नेलं? तुमी नेलं. तवा म्हणला व्हता, पाटलाच्या पोरासारखं बघीन. तुमच्या चावडीत सनद टांगली, पाटील, आन् माझ्या घरात माणूस टांगलाय. ना वर, ना खाली."

पाटलांनी मग शहाणपणा करून तोंड फिरवलं, "पाशामियाँ, तक्रार तुमची. तुमी बोला."

पाशामियाँ कोपऱ्यात बसले होते. मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. पांढरी दाढी, कमी बोलणं. ते म्हणाले, "हात बसंल, पाटील. आठ दिस द्या. म्या त्याच्यासंगं बसतो."

"बसून काय करणार?"

"बसतो."

आता ज्याचा हात मोडला तोच असं म्हणतो, तर पाटील काय करणार? त्यांनी भैरोबाची आण घेऊन सगळ्यांसमोर शब्द दिला: आठ दिवस पोरगा शांत राहिला तर साखळी नाही. जत्रेदिवशी मथुरानं त्याला पहाटेच रामलिंगाच्या दरीत घेऊन जावं, तिकडं आवाज पोचत नाही. आपल्याच गावच्या देवाच्या जत्रेतून चोरासारखं पळून जायचं, हे मथुराला झोंबलं. पण साखळीपेक्षा बरं म्हणून तिनं मान हलवली.

पहिल्या दिवशी सकाळी पाशामियाँ आले, मोडका हात छातीशी धरून मोर्चात उतरले आणि बब्रुवानशेजारी बसले. काही विचारलं नाही. सुपारी कातरली, अर्धी त्याच्यापुढं धरली. तासाभरानं उठून गेले. मथुरा भिंतीआडून पाहत होती. तिला वाटलं, ही काय औषधाची तऱ्हा?

दुसऱ्या दिवशी जाता जाता ते म्हणाले, "कडंला पायरी न्हाय ठेवली व्हय? आमी बसऱ्याला ठेवायचो. पाय देऊन बाहेर बघाया."

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मोर्चाच्या कडेला पायरी खोदलेली होती. नीट, चौकोनी, वर पाणी मारून चोपलेली. पाशामियाँ तिच्यावरून उतरले.

"तुमी बसऱ्याला व्हता?" बब्रुवाननं विचारलं. तीन महिन्यांत त्यानं कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"साडेतीन वरसं. पहिल्या लढाईत. तू?"

आणि बब्रुवान बोलायला लागला. ब्रह्मदेशात एका मोर्चात तो आणि बंडप्पा नावाचा आळंदकडचा कानडी गडी असे दोघं होते. पाण्याची पाळी बब्रुवानची होती. बंडप्पा म्हणाला, तू बस, तुझा पाय सुजलाय, मी जातो. दोन पावलं गेला, मागं वळून काहीतरी सांगू लागला आणि गोळा पडला.

"कानडीत बोलत व्हता. घाईत आसला की कानडीत बोलायचा. मला कळलं न्हाय, चाचा. आरधंच बोलला. आता कुणाला इचारू?"

पाशामियाँनी 'जाऊ दे' म्हटलं नाही. 'देवाची मर्जी' म्हटलं नाही. ते म्हणाले, "पुन्यांदा सांग. पहिल्यापासून. पाणी कुठं व्हतं?"

बब्रुवाननं पुन्हा सांगितलं. चौथ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी परत. म्हातारा दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखा ऐकायचा आणि एखादी गोष्ट विचारायचा: बंडप्पाला घरी कोण कोण होतं, तो तंबाखू खायचा का. पाचव्या दिवशी दुपारी बब्रुवान मोर्चात बसल्या जागी झोपला. पाशामियाँ पायावर पाय चढवून ऊन कलेपर्यंत तिथंच बसून राहिले, कारण त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं.

त्या दुपारी त्यांची बायको नसीमबी त्यांना बघायला आली. मथुरानं तिला घोंगडीवर बसवलं आणि पाया पडायला वाकली. "चाची, चाचांनी जादू केली."

"जादू कसली, बेटी. कुनी ऐकलं न्हवतं, ह्यांनी ऐकलं." नसीमबीनं पदर सारखा केला. "आमच्या ह्यांना बी बांधलं व्हतं. बसऱ्यावरनं आल्यावर. सासऱ्यानं, अकरा म्हयने, एका दर्ग्याच्या खांबाला. पायावर वळ हाय अजून, पायजम्याखाली झाकतात."

"मग बरे कशानं झाले?"

"कुनी सांगितलं तुला, बरे झाले?" नसीमबी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ते बाराचं काम का करतात, ठावं हाय? थोरल्या भावाकडं व्हतं. ह्यांनी मागून घेतलं. बत्ती आपल्या हातात आसली की बार कधी व्हनार ते म्हाईत आसतं. दुसऱ्याच्या हातातला बार त्यांना सोसत न्हाय. सव्वीस वरसं गाव म्हनतंय, पाशामियाँचा हात सोन्याचा. आन् सव्वीस वरसं म्या दर बारानंतर त्यांचं अंग दाबत बसते."

मथुरा ऐकत राहिली. तिला या बाईचा राग आला, असं म्हटलं तर खोटं नव्हे. सव्वीस वर्षं हिला माहीत होतं. पाच बार वेशीत उडाले तेव्हाही माहीत होतं. पण लगेच तिला वाटलं, हिनं सांगितलं असतं तर ऐकणार कोण होतं? मी चावडीच्या पायरीवर ओरडले, ते तरी कुणी ऐकलं?

जत्रेची पहाट झाली. मथुरानं भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी बांधून ठेवली होती. रामलिंगाला निघायचं म्हणून बब्रुवान पायताण घालत होता. आठ दिवसांत त्यानं कुणाकडं डोळा वर करून पाहिलं नव्हतं, आणि रोज दोन-तीन तास झोपत होता. तेवढ्यात दारात पाटलांचे दोन गडी आले, हातात साखळी.

"पाटलांनी शब्द दिला व्हता!" मथुरा आडवी आली.

"आमाला काय सांगती, बाई. अमीनसाहेब रातीच आलेत. वाटंत गाठ पडून ह्येनं त्यांना बी गटारात घातलं म्हंजे? हुकूम झालाय."

'हुकूम' म्हटल्याबरोबर बब्रुवान उठला. टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, छाती काढून ताठ उभा राहिला. गड्यांनी साखळी पुढं केली तर त्यानं स्वतःच पाय जवळ घेतले, त्यांना सोपं जावं म्हणून. वाटेनं तो त्यांच्यामधून कदम मिळवून चालत गेला, साखळीत जेवढं पाऊल पडेल तेवढं. तो ओरडला असता, मारामारी केली असती तर मथुराला बरं वाटलं असतं. ते जुळवलेले पाय पाहून मात्र तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं. तिनं भाकरीचं गाठोडं तिथंच टाकलं आणि मागं धावली.

धर्मशाळेच्या खांबाला त्याला बांधून कुलूप घातलं, किल्ली पाटलांच्या कमरेला गेली. आणि त्या खांबापासून दहा पावलांवर, देवळासमोर, उखळ गाडलेली होती. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हेच तर भयंकर. खांब तिथं होता म्हणून माणूस तिथं, उखळीची जागा ठरलेली म्हणून उखळ तिथं. मधे एक जिवंत काळीज आहे, हा हिशेब एवढ्या गावात एकाच्याही डोक्यात आला नाही.

पाशामियाँनी सकाळीच मोडका हात पुढं करून यंदा जमणार नाही असं सांगितलं होतं. त्यामुळं पाटलांचा पुतण्या गोरोबा दारू ठासून, काठीला पेटती चिंधी बांधून हौसेनं उभा होता. पालखी उठली. लिंबाजीनं पुढचा दांडा खांद्यावर घेतला. हलगी थांबली. आता बार.

मथुरा गर्दीतून आली, लुगड्याचा घोळ आवरला आणि उखळीच्या तोंडावर बसली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही की काय झालं.

"ए बाई! ऊठ! आत दारू ठासलीय!" गोरोबा ओरडला.

"ठावं हाय. दे बत्ती."

गोरोबानं काठी पाठीमागं घेतली. पाटील धावत आले, तोंड लालबुंद. "देवाच्या उखळीला बाईचा इटाळ! अगं, काय केलंस हे!"

"इटाळ झाला? मग आता उडवता यायची न्हाय. लई बरं झालं."

"पालखी खोळंबलीय!"

"खोळंबू द्या. आमी चार वरसं खोळंबलो. त्यांचे पाय मोकळे करा, म्या उठते. आन् बार एक बी न्हाय."

पाटलांनी दोन बायांना खूण केली. त्या पुढं आल्या, मथुराच्या दंडाला हात लावला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून मागं सरल्या. तिकडं धुरपदाबाई गर्दीतून वाट काढीत खांबापाशी गेली होती. तीच, जी 'बांधा' म्हणाली होती. आता दहा पावलांवरची उखळ बघून म्हातारीला सगळं कळलं. ती लेकासमोर बसली आणि दोन्ही हातांनी तिनं त्याचे कान गच्च झाकले. बब्रुवान ताठ बसला होता, नजर समोर, आणि घामानं निथळत होता.

मग नसीमबी आली. गोषातली बाई, बारा गावच्या गर्दीत कधी उभी राहिली नव्हती. ती मथुराशेजारी मातीत बसली आणि एक हात तिनं उखळीवर ठेवला.

"पाटील, माझ्या नवऱ्याला बांधलं तवा म्या घरात रडत बसले," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला. "लोक म्हनले, बांधलं म्हनून बरा झाला. म्या बी तसंच सांगितलं, लाजंकाजं. खोटं सांगितलं. त्यांना इचारा."

लोकांनी पाशामियाँकडं पाहिलं. पाशामियाँनी वाकून डाव्या पायाचा पायजमा वर ओढला आणि तसेच उभे राहिले. घोट्याभोवती काळं कडं पडलेलं होतं, कातडी मेलेली. साठ वर्षांचा अब्रूदार माणूस, भर जत्रेत.

आता इथं गावाला दया आली असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण ते खोटं ठरेल. अमीनसाहेब खुर्चीवर बसून चुळबुळ करत राहिले. काही बायांनी डोळे पुसले, पुरुष इकडंतिकडं बघू लागले. पाटील 'रिवाज, रिवाज' करत होते. दया कुणाला आली नाही. खांदे भरून आले. पालखी वजनदार, आणि एकदा उठवलेली पालखी खाली टेकवायची नाही हाही रिवाजच. ऊन चढलं होतं. लिंबाजीच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. शेवटी तोच बोलला, पाटलांकडं न बघता.

"किल्ली द्या, पाटील."

"लिंबाजी, तू सुदिक?"

"माझ्या मांडवात बार काढला म्या, वर दुसरा ठासाया लावला. लोक नाव ठेवतील म्हनून. त्या बाईनं हात जोडले व्हते." त्यानं दांडा खांद्यावर सरकवून घेतला. "किल्ली द्या, न्हाय तर म्या खांदा काढतो. देव पडला तर तुमच्या नावावर."

मागच्या तिघा भोयांनी मुंड्या हलवल्या.

पाटलांनी कमरेची किल्ली काढून मातीत फेकली. हातात द्यावी एवढाही मोठेपणा त्यांच्यात नव्हता. मथुरा उठली, किल्ली उचलली. उखळीकडं परत वळूनही पाहिलं नाही. तिथं नसीमबी बसली होती. पालखी लिंबाजीच्या पायांनी हालली, बाराशिवाय. कुणी निपचित पडलं नाही, आभाळ कोसळलं नाही. भैरोबा आपल्या वाटेनं निघाला.

मथुरा खांबापाशी आली. सासूनं लेकाच्या कानांवरचे हात काढले. मथुरानं कुलूप उघडलं, साखळी पायांतून ओढून बाजूला टाकली. बब्रुवान हालला नाही. पाय तसेच जुळवलेले. त्यानं समोर बघतच विचारलं, "सुटायचा हुकूम कुणाचा?"

गर्दीतली बरीच माणसं पालखीमागं न जाता इथंच घुटमळत होती. त्यांत पाटीलही होते.

"माझा," मथुरा म्हणाली. "उठा."

तो उठला. तिनं त्याचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधून ती त्याला घरी घेऊन गेली.